टेंडन दुखावलेल्या तापट घोड्याला हातात धरून कसं चालवायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तबेल्यात अशीच अडचण असेल तर त्यांनाही उत्तर उपयोगी पडेल. शर्यतीतून निवृत्त झालेला ७ वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा), खच्ची केलेला. पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागची, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडामागची, वरची फ्लेक्सर टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा) दुखावली. काही आठवडे बॉक्समध्ये (तबेल्यातल्या त्याच्या खोलीत) बंद राहिल्यावर सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी रोज १० मिनिटं हातात धरून चालवायला सांगितलं. पण दाराबाहेर पाऊल पडलं की तो अलफ होतो, म्हणजे मागच्या पायांवर उभा राहतो, उसळ्या मारतो. परवा सईसाच्या (घोडा सांभाळणाऱ्या माणसाच्या) हातून दोर सुटला आणि घोडा अंगणात दोन फेऱ्या चौखूर उधळला. आता सईस त्याला बाहेर काढायला घाबरतो. तुम्ही विचारता, आधी पाच मिनिटं लंजवर, म्हणजे लांब दोरावर गोल, फिरवून मस्ती उतरवली तर चालेल का? की अजून महिनाभर बॉक्समध्येच ठेवावा?

दोन्ही नको. आणि परवाच्या प्रकारानंतर पाय अजून डॉक्टरांना दाखवला नसेल, तर उद्याचं चालणं थांबवून आधी तो दाखवा. बाकी सगळं त्यानंतर.

लंज का नको, ते नीट समजून घेऊ, कारण हा सल्ला तुम्हाला दहा अनुभवी माणसं देतील. धडधाकट घोड्याच्या बाबतीत तो बरोबरही असतो. या टेंडनचं काम स्प्रिंगचं आहे. घोडा चौखूर धावतो तेव्हा ती मूळ लांबीच्या सुमारे १६ टक्क्यांपर्यंत ताणली जाते, असं प्रत्यक्ष मोजलेलं आहे, आणि तुटण्याची मर्यादा तिथून फार लांब नसते. म्हणजे निरोगी टेंडनसुद्धा दौडीत जवळजवळ काठावरच काम करत असते. इजा झाल्यावर शरीर तिथे जो नवा ऊतक भरतं त्याचे तंतू सुरुवातीला बारीक, कमी ताकदीचे आणि कसेही आडवेतिडवे पडलेले असतात. हलका, मोजका, सरळ रेषेतला ताण रोज मिळाला की ते हळूहळू पायाच्या दिशेने लागतात. डॉक्टरांनी सांगितलेली १० मिनिटं त्यासाठी आहेत. ते औषध आहे, व्यायाम समजू नका. लंजवर घोडा लहान वर्तुळात फिरतो, आतल्या पायावर तिरका भार येतो. आणि बंद राहिलेला घोडा लंजवर चालत नाही, तो उडतो. पाच मिनिटांत तीन उड्या आणि एक घसरण झाली, तर महिनाभराचं भरून आलेलं जाऊ शकतं.

बॉक्समध्ये बंद ठेवणंही उपयोगाचं नाही. ताण अजिबात मिळाला नाही तर तंतू आडवेतिडवेच राहतात आणि जागा कडक, निबर होते. शिवाय महिन्याभराने दार उघडाल तेव्हा घोडा आजच्यापेक्षा जास्त मस्तीने भरलेला असेल.

आता माझं मुख्य म्हणणं. दोराच्या टोकाला जे घडतं त्याची तयारी उरलेल्या २३ तास ५० मिनिटांत झालेली असते. तापट घोडा चालवायचा म्हटला की सगळे साखळी कोणती, लगाम कुठला, माणूस किती दांडगा, यावरून सुरुवात करतात. मी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, बादलीपासून करतो.

शर्यतीच्या तबेल्यात घोड्याला दिवसाला पाच-सात किलो दाणा सहज जातो. तुमचा घोडा त्या खुराकावर वाढलाय आणि तुम्ही लिहिलंय की अशक्त होऊ नये म्हणून चंदी तशीच चालू आहे. ताई, ती आजपासून उतरवायला घ्या. एकदम बंद करू नका. आठवडा-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करा, शेवटी खनिज मिश्रण कालवण्यापुरता मूठ-दोन मूठ कोंडा राहिला तरी पुरे. उभ्या घोड्याला पूर्ण दाणा दिला तर तो तापतोच, शिवाय अचानक हालचाल झाली की स्नायू आखडण्याचा धोका असतो. पाठ आणि पुठ्ठे दगडासारखे होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. जुने सईस हा आजार चांगला ओळखतात, कारण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तो हमखास दिसायचा.

दाणा कमी केला तेवढं गवत वाढवा. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो वाळलं गवत लागतं आणि ते दिवसभर पुरवून पुरवून खाता आलं पाहिजे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. सकाळी एक पेंढी, संध्याकाळी एक पेंढी आणि मधे आठ तास रिकामी गव्हाण, असं चाललं तर अल्सर होतात. पोटात आग असलेला घोडा दोराला शांत राहील ही अपेक्षाच चुकीची. बारीक भोकांच्या दोन-तीन जाळ्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत टांगा. त्यात कडबा असला तरी हरकत नाही, चावत बसायला चांगला असतो. लसूणघास थोडा द्या. त्यातल्या कॅल्शियममुळे जठराला आराम पडतो, पण पोटभर तोच नको. शांत करणाऱ्या पावडरी बाजारात मिळतात, त्यांच्यावर पैसे घालण्याआधी गवतावर घाला.

एक सावधगिरी. बंद घोड्याचं आतडं मंद होतं, तो पाणीही कमी पितो, आणि पोटशूळ याच काळात उठतो. लिदीचे ढीग रोज मोजायला सांगा. निम्म्यावर आले किंवा लीद कोरडी, बारीक गोळ्यांची झाली तर वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट सोबतीची. तुमच्या फोटोत बॉक्सच्या तिन्ही भिंती वरपर्यंत विटांच्या दिसतात. त्याला आतून कोण दिसतं? घोडा कळपातला प्राणी आहे. सोबती दिसत नसेल तर दार उघडणं हा त्याच्यासाठी दिवसाचा एकमेव सण होतो आणि तो सणासारखाच साजरा करतो. शेजारचा घोडा दिसेल, नाक लागेल अशी जाळीची खिडकी पाडता आली तर उत्तम. ते जमत नसेल तर एखादी शेळी शेजारी बांधा, शर्यतीच्या तबेल्यांतून ही जुनी रीत आहे आणि ती चालते. दिवसातून दोनदा तब्येतीने खरारा करा. आणि बाहेर काढताना दुसऱ्या घोड्यांची चंदीची किंवा बाहेर पडायची वेळ टाळा. सगळे घोडे मैदानावर जाताना हा एकटा उलट्या दिशेने न्यायचा, हा रोजचा झगडा तुम्हीच तयार करत असाल.

तिसरी गोष्ट औषधाची. तुम्ही लिहिलंय, 'गुंगीचं औषध द्यायचं मनाला पटत नाही, तो स्वतःहून शांत व्हायला हवा.' तुमची भावना मला समजते, पण इथे मी ठामपणे वेगळं सांगेन. या टप्प्यावर औषध देणं ही दया आहे. घोड्यावर दया, टेंडनवर दया आणि सगळ्यात आधी सईसावर. डॉक्टर बहुधा एसीप्रोमेझिन सुचवतील. ते तोंडाने दिलं तर असर यायला अर्धा ते एक तास लागतो आणि घोडा आधीच भडकलेला असेल तर ते फारसं चालत नाही. म्हणून दार उघडण्याच्या खूप आधी, शांतपणे गवत खात असताना द्यायचं, बाहेर नाचायला लागल्यावर नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, कारण त्याने रक्तदाब उतरतो आणि नर घोड्यांत क्वचित लिंग बाहेर लोंबकळत राहण्याची अडचण येते. तुमचा खच्ची केलेला असला तरी ही गोष्ट सईसाला सांगून ठेवा. तसं दिसलं आणि तासाभरात आत गेलं नाही तर डॉक्टरांना फोन. ट्रॅझोडोन, किंवा जास्त दिवस असर राहणारी दुसरी औषधंही आहेत, त्यांचे फायदे-तोटे डॉक्टरांशी बोला. झायलॅझिनसारख्या इंजेक्शनने मान खाली घातलेला घोडा मात्र झोपलाय असं समजून त्याच्या मागे जाऊ नका. तो त्या अवस्थेतही नेम धरून लाथ मारतो. आणि गुंगीत पाय अडखळण्याइतका डोस झाला तर त्या दिवशी चालवणं नको, अडखळणारा पाय टेंडनला चांगला नाही.

पहिले तीन-चार आठवडे औषधाच्या आधाराने रोजचं चालणं कंटाळवाणं झालं की डॉक्टर डोस कमी करत आणतात. तोवर घोड्याच्या डोक्यात बसलेलं असतं की दाराबाहेर काही विशेष घडत नाही. आपल्याला तेच हवंय.

आता प्रत्यक्ष चालण्याकडे येऊ. सुरुवात बाहेर करू नका, बॉक्सच्या आत करा. दोन-तीन दिवस फक्त एवढंच: एक पाऊल पुढे, थांब. मान खाली, शाबास. हॉल्टरवर (डोक्याला घालायच्या, लगाम नसलेल्या पट्ट्यावर) खालच्या दिशेने हलका दाब द्यायचा आणि नाक बोटभर जरी खाली आलं तरी त्याच क्षणी दाब सोडायचा. दाब सोडण्यात शिकवण आहे, ओढण्यात नाही. मान गुडघ्याच्या पातळीला आलेला घोडा अलफ होऊ शकत नाही. तसं व्हायला त्याला आधी मान उचलावी लागते, आणि तेवढ्यात तुम्हाला कळतं. गाजराचा तुकडा देऊन शिकवलंत तरी चालेल, पण तुकडा नेहमी त्याचं तोंड सरळ समोर असताना द्या, माणसाच्या खिशाकडे वळलेलं असताना नाही. हे बॉक्समध्ये पक्कं झालं की मग बोळात, मग दारात थांबून. दार ओलांडण्याआधी तो श्वास सोडेपर्यंत थांबायचं. दार ही या घोड्याची कळीची जागा आहे, हे तुमच्या वर्णनातूनच दिसतं.

बाहेरची १० मिनिटं एकदम करण्याऐवजी ५-५ मिनिटं सकाळ-संध्याकाळ करता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा हरकत नसते. तापट घोड्याचं डोकं सातव्या-आठव्या मिनिटाला फिरतं, त्याआधी आत न्यायचा. पाच मिनिटं शांत चालला तर आठवड्याने दोन्ही वेळचं मिळून पाच मिनिटं वाढवा. आठवडाभर गोंधळ झाला तर वाढवू नका, मग कागदावरच्या वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो.

सईसाने खांद्याच्या रेषेत चालायचं. नाकासमोर नाही, कारण घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही आणि पुढचे पाय तिथेच पडतात. मागे पोटाजवळही नाही, तिथे मागचा पाय पोचतो. दोराचं उरलेलं टोक दुसऱ्या हातात आठच्या आकड्यासारखं दुमडून धरायचं. हाताला, मनगटाला गुंडाळायचं नाही, कधीच नाही. दोर तीन-साडेतीन मीटर लांब हवा. नेहमीचा दोन मीटरचा असेल तर घोडा अलफ झाल्यावर माणूस त्याच्या पायाखालीच राहतो. आणि चाल दमदार ठेवा. भीतीपोटी लोक हॉल्टरखाली हात घट्ट आवळून मुंगीच्या पावलाने चालवतात. ताठ दोर आणि पुढे जायला बंदी, यातूनच घोडा वर जातो. दोराला थोडी ढील, नजर समोर लांब, पावलं मोठी.

वाट निवडताना जमीन पाहा. टेंडनच्या घोड्याला घट्ट, सपाट, न घसरणारी जमीन लागते. खोल वाळू किंवा नांगरटीसारखी भुसभुशीत माती मऊ वाटते म्हणून लोक तिथे नेतात, पण त्यात खूर रुततो आणि टेंडनला जास्त ओढ बसते. मुरमाचा दाबलेला रस्ता सगळ्यात चांगला. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून वळवण्यापेक्षा त्या दिवशी बोळातच चालवा. एका बाजूला भिंत किंवा कुंपण असावं. वळणं मोठी, आठ-दहा मीटर व्यासाची, आणि वळवताना घोड्याला आपल्यापासून बाहेरच्या बाजूला वळवायचं, म्हणजे त्याचा पाय आपल्या पायावर येत नाही. पहिले दोन आठवडे रोज तीच वाट, त्याच वेळी. नावीन्य नंतर.

एखाद्या गोष्टीला बुजतो हे ठाऊक असेल, समजा पाण्याची टाकी किंवा ताडपत्री, तर माणसाने त्या वस्तूच्या आणि घोड्याच्या मधे चालायचं. घोडा भीतीपासून लांब उडी मारतो, म्हणजे माणसापासून लांब. त्यासाठी त्याला उजव्या बाजूनेही धरून चालायची सवय हवी. आपल्याकडे सगळे घोडे डावीकडूनच धरले जातात, म्हणून हे बॉक्समध्ये आधी शिकवा.

जमलं तर एक म्हातारा, थंड डोक्याचा घोडा पुढे चालवा, दोन घोड्यांच्या अंतरावर. ही एक गोष्ट कुठल्याही साखळीपेक्षा जास्त काम करते. रायडिंग स्कूलमध्ये मुलांना पाठीवर घेऊन फिरणारा घोडा असतो तसा. मात्र परतताना त्याला आधी आत घेऊ नका, नाहीतर तुमचा घोडा त्याच्यामागे धाव घेईल.

साधनांबद्दल तुम्ही खास विचारलंय. नुसत्या हॉल्टरवर या घोड्याला बाहेर काढू नका. साधा जोड-लगाम (तोंडात जाणारी, मधे सांधा असलेली कडी) असलेला ब्रायडल, म्हणजे डोक्यावरचा पट्ट्यांचा साज, किंवा नाकपट्टीवर कडी असलेला लंजचा कॅव्हेसन, यांपैकी सईसाच्या हाताला सवयीचं ते. साखळी वापरायचीच असेल तर नाकावरून घ्या, हनुवटीखालून नको. हनुवटीखालून झटका बसला की घोडा डोकं वर टाकतो आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. रेसकोर्सवर वापरतात तो चिफनी लगाम अलफ होणाऱ्या घोड्यासाठीच बनलेला आहे. जाणत्या हातात तो चांगला, पण त्यावर घाबरून लोंबकळलं तर घोडा मागे उलटा पडू शकतो. तुमच्या सईसाने तो वापरलेला नसेल तर आता शिकायची वेळ नाही. चिफनीला किंवा साखळीला घोडा कधीही बांधून ठेवायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. चारही पायांना बूट किंवा बँडेज आणि पुढच्या खुरांना बेल बूट (खुराभोवती बसणारे घंटेच्या आकाराचे बूट) घाला, कारण नाचताना मागचा खूर पुढच्या टेंडनवर बसतो आणि मग एका इजेच्या दोन होतात.

माणसाला काय घालायचं? या प्रश्नावर मी नेहमी थोडा तापतो. मालक स्वतःसाठी महागडं हेल्मेट घेतात आणि तबेल्यातला सगळ्यात धोकादायक घोडा स्लिपर घातलेल्या, उघड्या डोक्याच्या माणसाच्या हातात देतात. सईसाला पट्टा लावलेलं हेल्मेट, हातमोजे आणि बंद बूट घेऊन द्या. उद्याच. तो म्हणेल, साहेब, सवय आहे. तरी घेऊन द्या आणि घातल्याशिवाय दार उघडायचं नाही हा नियम करा. आणि त्याला भीती वाटते ही तक्रार समजू नका. जो माणूस रोज त्या दोराच्या टोकाला असतो त्याचं मत या घोड्याबद्दल तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं असतं. शक्यतो रोज तोच माणूस असू द्या, दुसरा एक जण लांबून फाटक सांभाळायला. सईस सुट्टीवर गेला म्हणून त्या दिवशी माळ्याच्या हातात दोर देऊ नका, त्या दिवशी चालणं राहू द्या. एका दिवसाच्या खाड्याने टेंडनचं काही बिघडत नाही.

तरीही तो अलफ झालाच तर? इथे अडचण अशी की नेहमीचे उपाय आपल्या हातात नाहीत. धडधाकट घोड्याचा मागचा भाग झटकन गोल फिरवून आपण त्याचा जोर मोडतो, किंवा दहा पावलं मागे सारतो. दुखावलेल्या पायावर ती तीव्र गिरकी नको. म्हणून: वर जायला लागला की दोराला ढील द्यायची, ओढायचं नाही, आणि स्वतः खांद्याच्या बाजूला, लांब सरकायचं. पुढचे पाय खाली आले की लगेच पुढे चालायला लावायचं, मोठ्या कमानीत, जसं काही घडलंच नाही. ओरडा नाही, फटका नाही. पुढे चालणारा घोडा वर जात नाही. दुसऱ्यांदा गेला तर त्या दिवसाचं चालणं संपलं. पण संपवताना दोन पावलं शांत घेऊन, थांबवून, मग आत न्यायचं. उसळी मारली की लगेच घरी, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसू देऊ नका.

दोर हातातून निसटतोय असं वाटलं तर सोडून द्यायचा. सईसाला ही परवानगी तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर द्या. रागावतील म्हणून दोर धरून फरपटत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त बाहेरचं फाटक चालण्याआधी बंद असलं पाहिजे. सुटलेल्या घोड्यामागे कुणीही धावायचं नाही. दुसरा घोडा दिसेल असा उभा करा, बादलीत चंदीचा खुळखुळाट करा, तो येतो.

तुम्ही पुण्याच्या बाजूला आहात म्हणून वर्षाचं कॅलेंडरही डोळ्यांसमोर ठेवा. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी चालतो, त्या काळात संध्याकाळची पाळी दुपारवर आणा. विसर्जनाच्या दिवशी बाहेर काढूच नका. दिवाळीत आपली नेहमीची पहाटेची वेळच सगळ्यात वाईट, कारण नरक चतुर्दशीला फटाके पहाटेच सुरू होतात. त्या चार दिवसांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं वेगळं नियोजन आधीच करून घ्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून उपयोग होत नाही. थंडीतल्या वाऱ्याच्या सकाळीही घोडे भरलेले असतात, ऊन जरा वर येऊ द्या.

रोज चालण्याआधी, बँडेज काढल्यावर, दोन्ही पुढच्या नळ्यांवरून हात फिरवा. आधी चांगल्या पायावरून, मग दुखऱ्या. ऊब, सूज, बोटाने दाबल्यावर पाय मागे घेणं, यांत कालच्यापेक्षा फरक वाटला तर त्या दिवशी चालणं नाही, डॉक्टरांना फोन. गोंधळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हे जास्त काळजीने करा. टेंडनची नवी इजा पहिल्या तासात बऱ्याचदा दिसत नाही, दुसऱ्या सकाळी दिसते. लंगडत नाही म्हणजे बरा आहे, असं अजिबात समजू नका. टेंडनचा घोडा काही आठवड्यांत लंगडायचा थांबतो, आतलं काम मात्र ९ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. पुन्हा मोडतात ते घोडे बहुतेक याच मधल्या काळात, दिसायला ठणठणीत असताना. म्हणून दुडकी (हलकी धाव) कधी सुरू करायची हे दर दोन-तीन महिन्यांच्या सोनोग्राफीवर ठरतं, घोड्याच्या उत्साहावर नाही. साधारणपणे पहिले तीन महिने तरी फक्त चाल. नालबंदालाही यात धरा. खुराचं पुढे वाढलेलं टोक आणि खचलेली टाच टेंडनवर रोज जादा ताण टाकतात, तेव्हा दर चार ते सहा आठवड्यांनी खूर कापून घेतलेच पाहिजेत, घोडा काम करत नसला तरी.

आणखी एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण डॉक्टरांशी बोलण्यासारखा आहे. काही घोडे हातात धरले की वेडे होतात आणि पाठीवर माणूस बसला की कामाला लागतात. शर्यतीच्या घोड्यांत हे पुष्कळ दिसतं, कारण स्वारासह चालणं ही त्यांची लहानपणापासूनची शिस्त. हलका, शांत बसणारा स्वार आणि बाजूला दुसरा घोडा असेल, तर चालीची २०-३० मिनिटं अशी घेणं हातात धरण्यापेक्षा सुरक्षित ठरतं. पण हे अगदी सुरुवातीला नाही, थोडं भरून आल्यावर आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. तुमच्या घोड्याबद्दल वाचून मला वाटतं, हा त्या प्रकारातला असावा.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, मोकळा कधी सोडायचा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही पहिल्यांदा मोठ्या मैदानात नाही. बॉक्सच्या दुप्पट-तिप्पट एवढंच कुंपण घाला, चारपाच मीटर बाय चारपाच मीटर, म्हणजे त्याला वेग घ्यायला जागाच नको. आधी रोजचं चालणं पूर्ण करा, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वेळेवर द्या, कुंपणात गवताचे तीन ढीग टाकून ठेवा, शेजारी ओळखीचा घोडा बांधा आणि दोर काढताना त्याचं तोंड फाटकाकडे, म्हणजे तुमच्याकडे, वळवून मगच काढा. पहिल्या दिवशी १५ मिनिटं पुरेत, आणि खाणं संपायच्या आत त्याला परत धरा.